मूळ ग्रंथ आणि पुरवणी

मेजाभोवती बसून, फासे टाकीत, गोष्ट रचीत खेळावयाच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या मंडळींत एक वाद नेहमी रंगतो : नियमांची कोणती पुस्तके आवश्यक आणि कोणती ऐच्छिक? साहित्याच्या अभ्यासकाने हा पोरखेळ समजू नये. संहिता आणि तिचा वापर करणारे यांच्या नात्याचाच हा प्रश्न आहे.

१९७४ साली हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या पेटीतून आला. लढाईसाठी १९७१ च्या 'चेनमेल' या निराळ्या पुस्तकाचे नियम त्यात गृहीत धरले होते. वीस बाजूंच्या फाशावर चालणारी पद्धत केवळ 'पर्यायी' म्हणून दिली होती. पुढे हा पर्यायच मूळ पद्धत ठरला. चोराचा पात्रवर्ग १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत आला आणि १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये मुख्य वर्गांच्या पंक्तीस जाऊन बसला. आवश्यकतेचा शिक्का छापणारा मारतो. तो टिकवणे अगर पुसणे खेळणाऱ्यांच्या हाती असते.

आम्हां वऱ्हाडकरांना हा प्रश्न परका नसावा. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साहाय्याने चक्रधरस्वामींच्या आठवणी एकत्र केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. स्वामींची वचने प्रसंगांतून वेगळी काढून केसोबासांनी 'सूत्रपाठ' बांधला. महानुभाव पंथात या सूत्रांना शास्त्राचे स्थान मिळाले. येथे आधी प्रसंग आहे, मग नियम. पुढे कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारा 'प्रकरणवश' हा ग्रंथही पंथात निर्माण झाला, ही गोष्ट बोलकी आहे.

एकच नियम पाहावा. साधकाने कानड व तेलंग देशांत जाऊ नये, महाराष्ट्रात असावे, असे स्वामींनी सांगितले. त्यामागचे कारण असे की, ते देश विषयबहुल आहेत आणि तेथे तपस्व्याला मान मिळतो. पुढे महानुभाव पंजाबात आणि थेट काबूलपर्यंत पोहोचले. अक्षरच पाहणाऱ्याला हा सरळ नियमभंग वाटेल. कारण जाणणाऱ्याला मात्र थांबून विचार करावा लागेल : मानापासून दूर राहण्याचे ते व्रत नव्या भूमीत सांभाळता येते की नाही?

यावर कोणी म्हणेल, विद्यार्थ्याजवळ वेळ थोडा. त्याला सूत्रे पुरेत, लीळा हौसेने वाचाव्यात. या आक्षेपात तथ्य आहे. सूत्र आटोपशीर असते, मुखोद्गत होते, वादात हाताशी येते. साराच ग्रंथ आवश्यक म्हटला तर अभ्यासाला आरंभच होणार नाही. आरंभासाठी लहान पुस्तक हवे, हे आम्हांस मान्य आहे.

परंतु आरंभासाठी जे पुरते ते आकलनासाठीही पुरते, असे मानणे घातक होय. लीळेपासून तोडलेले सूत्र विद्यार्थी पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि विसरतो. कारण ते कोणाला, कोणत्या अडचणीत सांगितले गेले हे त्याला ठाऊकच नसते. अमरावती-अकोल्याच्या वर्गांतून दहाच सूत्रे शिकवावीत, पण प्रत्येकाशेजारी त्याची लीळा ठेवावी. रिद्धपूर इतके जवळ असताना आपण लीळाचरित्राला पुरवणी समजू लागलो, तर तो दोष अभ्यासक्रमावर ढकलता येणार नाही.