आधी झोपू द्या, मग उपदेश करा

आमच्या पोंभुर्ण्यात कुणाचा मेडिकलला नंबर लागला की पेढे वाटले जातात. तोच मुलगा खचला की उपदेश वाटले जातात. मौलाना म्हणतात, नमाज चुकवू नकोस. सर म्हणतात, वेळेवर झोप, मोबाईल कमी कर.

झोपायचं कधी? 22 मार्च 2020 ला आपण थाळ्या वाजवल्या. 3 मे 2021 ला, ऐन रमजानमध्ये, केंद्राने इंटर्नना कोविड ड्युटीवर लावायला आणि एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून सौम्य रुग्णांवर देखरेख करून घ्यायला परवानगी दिली. शंभर दिवस ड्युटी करणाऱ्यांना सन्मान जाहीर झाला. ‘योद्धा’ म्हटलं की थकायची सोय उरत नाही.

रात्रपाळी संपवून सकाळी पुन्हा वॉर्डात उभं राहायचं असेल, तर सवय कुणाची बिघडली? मुलाची की वेळापत्रकाची? निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला 48 तास, हा केंद्राचा निर्देश 1992 चा. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने 74 तासांची मर्यादा सुचवली. बत्तीस वर्षांत आपण सव्वीस तास मागे आलो!

दुआ हवीच, पण रजा आणि समुपदेशकही हवा. नमाजने मन शांत होतं, ड्युटीचा तक्ता बदलत नाही. तो माणसांनी लावलाय. जाब माणसांनाच विचारा.