होगेसोप्पु आणि फुकटचं तिकीट

दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस सुरतेला अक्काकडे राहून आले. अक्का लग्न होऊन उधन्याला गेली त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. उधना, लिंबायत या भागात फिरताना मराठी इतकं कानावर पडतं, की आपण गुजरातेत आहोत याचा विसर पडतो. खानदेशातून पोटासाठी आलेली कितीतरी कुटुंबं तिथं स्थिरावली आहेत.

एका रात्री जेवणं झाल्यावर भाचा गच्चीवर आला. कापड मार्केटमध्ये एका दुकानात तो हिशेब लिहितो.

"मावशी, आईला सांगू नकोस. चार दिवस शारजाला जाऊन येणार आहे. तिकीट, राहणं, सगळं फुकट. येताना फक्त एक बॅग आणायची."

"बॅगेत काय?"

"सिगारेटची कार्टन. सोनं थोडंच आहे? आणि तू काय बोलणार, आपल्या निपाणीत तर घरोघरी तंबाखू!"

शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. आमचं लहानपण तंबाखूच्या वखारींच्या वासात गेलं. आमच्या गल्लीतल्या बायकांनी विड्या वळून मुलं शिकवली. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीच्या महामार्गावर बसले, गोळीबार झाला, माणसं मेली. अशा गावच्या मावशीनं कोणत्या तोंडानं उपदेश करायचा?

मी इतिहास शिकवते, म्हणून मला आठवण झाली ती असद बेगची. अकबराचा हा दूत आदिलशहाकडे विजापूरला आला होता. परत जाताना त्यानं तिथून तंबाखू आणि चिलीम नेली आणि 1604 च्या सुमारास बादशहापुढं ठेवली. म्हणजे मोगल दरबारात तंबाखू पोचली ती आपल्या बाजूनंच! पुढं 1617 साली जहांगीरनं तिच्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाही. कन्नडमध्ये तंबाखूला 'होगेसोप्पु' म्हणतात, धुराचा पाला. मराठीत इतकं नेमकं नाव नाही. धूर हातात धरता येत नाही, आणि त्याचा धंदाही तसाच.

भाच्याला मी हे सांगितलं नाही. त्याला हिशेब कळतो, म्हणून हिशेबच मांडला. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला 100 सिगारेटींपर्यंत सूट असते. एका कार्टनमध्ये साधारण 200 असतात. म्हणजे पहिल्याच कार्टनला मर्यादा ओलांडली. आपल्या देशात सिगारेटवर कर जबर आहे, आणि 1 एप्रिल 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर धोक्याचं चित्र आणि इशारा लागतो. चोरून आलेल्या पाकिटावर बहुधा ना ते चित्र असतं, ना त्याचा कर भरलेला असतो. तो वाचलेला पैसा हाच धंद्याचा नफा. त्यातून तुझ्या तिकिटाचा खर्च निघतो, तर मागं उरणारे किती असतील, विचार कर.

"पण पकडतात कुठं एवढं?" तो म्हणाला.

सुरतेत राहून हे विचारावं, याचं मला नवल वाटलं. सप्टेंबर 2022 मध्ये मुंद्रा बंदरातून निघालेल्या सुमारे 20 कोटी रुपयांच्या ई-सिगारेटी डीआरआयनं, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयानं, सुरतेजवळच पकडल्या. त्याच महिन्यात मुंद्र्यात 2 लाखांवर ई-सिगारेटी सापडल्या, किंमत सुमारे 48 कोटी. कागदोपत्री तो माल फरशी पुसायचे मॉप होता! ई-सिगारेटवर तर 2019 पासून देशात पूर्ण बंदी आहे. आणि जुलै 2023 मध्ये सुरतेच्याच विमानतळावर शारजाहून आलेल्या प्रवाशांकडून 48 किलोंवर सोन्याची पेस्ट पकडली गेली, किंमत सुमारे 25 कोटी. त्यात तीन प्रवाशांबरोबर एका अधिकाऱ्यालाही अटक झाली.

"सोनं वेगळं," तो पुटपुटला.

"माल वेगळा, पण रांग तीच. बॅगेवरच्या चिठ्ठीवर नाव कोणाचं असतं? पासपोर्ट कोणाचा? ज्यानं तिकीट काढून दिलं, तो त्या रांगेत उभा असतो का?"

कस्टम कायदा 1962 सालचा आहे. गंभीर प्रकरणात सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एक बॅग सिगारेटींसाठी तेवढी होईलच असं नाही, हेही मी त्याला सांगितलं. घाबरवण्यासाठी खोटं बोलायचं नव्हतं. पण माल जप्त होतो, दंड बसतो, नाव नोंदलं जातं. मग एजंट त्या मालाचे पैसे कोणाकडून वसूल करतो? पुढची खेप 'फेडायची' म्हणून करावी लागते, आणि तेव्हा बॅगेत काय आहे हे विचारायची सोय राहत नाही.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पगार तीन महिने थकलाय, मावशी. घरी सांगितलं नाही."

म्हणजे खरं दुखणं हे होतं. आम्ही दोघं खाली गेलो आणि अक्काला पगाराचं सगळं सांगितलं. ती रडली, चिडली, मग चहा ठेवला. भावजींनी सकाळी दुसऱ्या एका दुकानात शब्द टाकला.

वाचकहो, आपण सीमेवरची माणसं. आपली नातीगोती कोल्हापूर, बेळगाव, सुरत, पुढं आखातापर्यंत पसरली आहेत. मूल फुकटच्या तिकिटाची गोष्ट सांगायला लागलं, तर आधी ओरडू नका. पगार झाला का, एवढं विचारा.

भाचा गेला नाही. पण ते तिकीट वाया गेलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या जागी दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा गेला असेल, आणि त्याच्या मावशीला ते ठाऊकही नसेल.