लायब्ररी केवळ सरावापुरती नाही



पूर्ण गेम इंजिनाशिवाय विकण्याजोगा गेम होत नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत वस्तुस्थितीला धरून नाही. २०२४ मध्ये गाजलेला ‘बालाट्रो’ एकट्या प्रोग्रामरने ‘लव्ह’ या छोट्या फ्रेमवर्कवर, लुआ भाषेत लिहिला. ‘स्ले द स्पायर’ जावाच्या लिबजीडीएक्स या लायब्ररीवर उभा राहिला. दोन्ही पत्त्यांचे गेम. नियम हाच त्यांचा प्राण. त्यांना त्रिमितीय प्रकाशयोजनेचे ओझे कशाला?

त्रिमितीय गेमला मात्र इंजिनच घ्यावे. तिथे सगळे स्वतः लिहिण्यात वर्षे जातात.

इंजिन घेताना त्याचा परवानाही पाहावा. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या इंजिनाच्या कंपनीने गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले (वर्षभराने ते रद्द झाले), तेव्हा ‘स्ले द स्पायर’च्या निर्मात्यांनी दुसरा भाग युनिटीवरून गोडो इंजिनावर नेला.

नवोदितांना इंजिन सुचवण्याआधी पत्रलेखकाने गेम कोणता आहे, एवढे जरूर विचारावे.