नातवाचा चिनी वर्ग

सिंगापूरला लेकीकडे वर्षातील चार-पाच महिने राहणाऱ्या एका आजींचे पत्र आले आहे. नातू चार वर्षांचा. लेक आणि जावई दोघेही नोकरीत. त्यामुळे नातवाला बालवाडीतून आणणे, खाऊपिऊ घालणे, खाली खेळायला नेणे ही कामे आजी-आजोबांकडे. आता त्याला चिनी भाषेच्या शिकवणीवर्गात घालायचे ठरले आहे, आणि 'तुम्हांला वेळ असतो, तीन-चार वर्ग तुम्हीच पाहून या,' असे लेकीने सांगितले आहे. आजी विचारतात, "आम्हांला त्या भाषेतले अक्षरही कळत नाही, आम्ही पाहणार ते काय?" या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, तो त्यांनी पत्राच्या शेवटी जरा संकोचानेच लिहिला आहे. इतक्या लहान वयात आणखी एक भाषा आली तर मुलाचे मराठी जाईल का?

प्रथम तेथील परिस्थिती. सिंगापूरच्या शाळेत इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम असते आणि त्याबरोबर प्रत्येक मुलाला एक 'मातृभाषा' शिकावी लागते. प्राथमिक शाळेच्या अखेरीस, साधारण बाराव्या वर्षी, जी मोठी परीक्षा होते तिच्या चार विषयांत ही भाषा एक असते. चिनी, मलय आणि तमिळ या अधिकृत भाषा. शिवाय भारतीय वंशाच्या मुलांना हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू घेता येते. या यादीत मराठी नाही. त्यामुळे मराठी घरांपुढे पर्याय राहतो तो बहुधा हिंदीचा. आणि बालवाडीत सर्वांबरोबर चिनी कानांवर पडलेले असल्यामुळे काही पालकांना चिनी घ्यावीशी वाटते. चिनी वंशाच्या नसलेल्या मुलाला शाळेत ती भाषा घ्यावयाची असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. तेव्हा वर्ग शोधण्याआधी लेकीने शाळेकडून चालू वर्षाचा नियम विचारून घ्यावा. पुढे हिंदीच घ्यावयाची असेल तर चिनी वर्ग हा निव्वळ आनंदाचा विषय उरतो, आणि मग त्याला आनंदाच्याच मापाने मोजावे.

तेथे इतके वर्ग का निघाले, हेही समजून घेण्यासारखे आहे. सन 2020च्या जनगणनेत घरात प्रामुख्याने इंग्रजी बोलणाऱ्यांचे प्रमाण 48.3 टक्के निघाले. दहा वर्षांपूर्वी ते 32.3 टक्के होते. म्हणजे चिनी घरांतील मुलांनाही चिनी भाषा आता शिकवणी लावून शिकावी लागते. याच्याही मागे एक जुनी गोष्ट आहे. 1979 साली ली क्वान यू यांनी 'मँडरिन बोला' ही मोहीम सुरू केली. तोवर तेथील चिनी घरांत होक्किएन, तिओच्यू, कँटनीज अशा बोली नांदत होत्या. मुले शाळेत मँडरिन आणि इंग्रजी शिकली, बोली मागे पडल्या, आणि कितीतरी घरांत आजीला नातवाशी बोलण्यास भाषाच उरली नाही. आपल्या वाचक आजींची भीती म्हणूनच मला पोकळ वाटत नाही. फक्त ती चिनी वर्गाला चिकटवणे योग्य नाही. घरात भाषा टिकते ती घरात बोलल्याने, आणि जाते ती घरात बोलणे थांबल्याने. आठवड्यातील दोन तासांचा वर्ग मराठीला बाहेर काढू शकत नाही. नातू वाक्यात तीन भाषांचे शब्द मिसळू लागला तरी घाबरू नये. अनेक भाषांत वाढणारी मुले असे करतातच. अनेक भाषा ऐकल्यामुळे बोलणे उशिरा येते, हा समजही खरा नाही. मात्र दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर 'घरात भाषा फार आहेत' असे म्हणून स्वस्थ न बसता आधी त्याचे कान तपासून घ्यावेत.

आता वर्ग पाहण्याचा विषय. भाषा न कळणे ही येथे अडचण नसून सोय आहे, असे मी म्हणेन. ज्याला भाषा कळते तो बाईंचे बोलणे ऐकत बसतो. ज्याला कळत नाही तो मुलांकडे पाहतो. आणि पाहण्यासारखे असते ते मुलांकडेच. अर्धा तास मागच्या बाकावर बसू देण्याची विनंती करावी. बसू देत नसतील तर निदान काचेतून पाहू देतात का, ते विचारावे. तेही नाही म्हणणाऱ्या वर्गाचे नाव यादीतून काढावे. बसल्यावर एवढेच पाहावे की तोंडे कोणाची हलत आहेत. बाई एकट्याच बोलत आहेत आणि मुले कागदावर ठिपके जोडत आहेत, तर तो भाषेचा वर्ग नव्हे. चार वर्षांचे मूल भाषा शिकते ते उत्तर देऊन, भांडून, गाणे म्हणून, 'माझी पाळी' असे ओरडून. सर्वांत मागे बसलेल्या, गप्प राहणाऱ्या मुलाकडे बाई अर्ध्या तासात किती वेळा वळल्या, हे जरूर मोजावे. मोजण्यासाठी चिनी येण्याची गरज नाही.

चुकलेल्या मुलाला काय वाट्याला येते, तेही पाहावे. चिनी ही सुरांची भाषा आहे. 'मा' हे एकच अक्षर उंच सपाट सुरात म्हटले तर आई, खाली घालून वर आणले तर घोडा, आणि वरून झपकन खाली आणले तर रागावणे. लहान मूल आईला घोडा म्हणणारच. त्यावर बाई हसून तोच शब्द योग्य सुरात पुन्हा म्हणतात, की वर्ग थांबवून त्याला उभे करतात? पहिल्या प्रकारच्या बाईंकडे मूल दुसऱ्या दिवशीही तोंड उघडील.

आणखी एक प्रश्न स्पष्ट विचारावा. घरी कोणीच चिनी बोलत नाही, अशी मुले या वर्गात आहेत का? पुष्कळ वर्ग मनात धरून चालतात की घरी कोणी तरी सराव घेईल. तसे असेल तर आठवड्याअखेर हातात अक्षरांचे कागद येतील आणि ते कोणालाच वाचता येणार नाहीत. मग संध्याकाळी रडारड होईल ती आजी-आजोबांच्या समोर.

लिहिण्याची घाई करणाऱ्या वर्गापासून मी दोन पावले दूरच राहीन. चौथ्या वर्षी बोटांत पेन्सिल नीट धरण्याचे बळ अजून येत असते, आणि चिनी अक्षर म्हणजे ठरलेल्या क्रमाने काढावयाच्या अनेक रेघा. या वयात अक्षरे ओळखावीत, वाळूत-रंगात बोटाने गिरवावीत; वह्या भरण्याचे दिवस पुढे येणारच आहेत. अक्षरांतील गंमत चांगल्या बाई दाखवितात. झाडाचे चिन्ह एक. तेच दोनदा शेजारी मांडले की राई, तीनदा मांडले की अरण्य. 'आई'च्या अक्षरात डावीकडे स्त्रीचे चिन्ह असते, ते अर्थ सांगते. उजवीकडे घोडा असतो, तो केवळ 'मा' हा उच्चार सांगण्यासाठी. ही गोष्ट नातवाने घरी येऊन सांगितली तर वर्ग चांगला आहे, असे खुशाल समजावे.

पडद्यावरचे वर्ग पुष्कळ स्वस्त पडतात आणि उन्हापावसात जावे लागत नाही, म्हणून त्यांचा मोह होतो. याबाबत 2003 साली प्रसिद्ध झालेला पॅट्रिशिया कूल यांचा प्रयोग लक्षात घ्यावा. अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी भाषक व्यक्ती समोर बसून बारा वेळा खेळल्या-बोलल्या. त्या बाळांना चिनी ध्वनींतील भेद ओळखता आले. तेच बोलणे दुसऱ्या बाळांना चित्रफितीतून दाखविले, तेव्हा काहीही शिकणे झाले नाही. चार वर्षांचे मूल पडद्यावरून थोडेफार उचलते हे खरे, पण समोरच्या माणसाची बरोबरी नाही. शिवाय तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एका तासाहून अधिक पडदा पाहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे. वर्गाचा वेळही या तासातच धरावा.

त्याच मार्गदर्शनात या वयाला दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास झोप आणि दिवसभरात तीन तास हालचाल सांगितली आहे. वेळ ठरविताना हे आकडे समोर ठेवावेत. बालवाडीतून आलेले मूल झोपेतून उठवून, बसने नेऊन, दीड-दोन तास बसवून रात्री आठला घरी आणणारा वर्ग कितीही नावाजलेला असो, त्या मुलासाठी तो चांगला नाही. सिंगापुरात मुलांच्या डोळ्यांना लवकर लागणारा चष्मा हा मोठाच प्रश्न आहे. चीनमधील ग्वांगचौ शहरातील शाळांत रोज चाळीस मिनिटे अधिक उघड्यावर घालविणाऱ्या मुलांत तीन वर्षांत लघुदृष्टीचे प्रमाण कमी राहिल्याचे 2015 साली दिसून आले. म्हणून मैदानाचा वेळ काढून वर्गाला देऊ नये. द्यावयाचाच असेल तर दूरदर्शनचा द्यावा. आणि नेणाऱ्याचे गुडघेही हिशेबात धरा. स्टेशनापासून लांब चालावे लागणारा उत्तम वर्ग आणि घराखालचा बरा वर्ग यांत मी घराखालचाच घेईन. तेथे जाणे चुकत नाही.

घरी आजी-आजोबांना काय करता येईल? पुष्कळ. रोमन लिपीत चिनी शब्द वाचताना इंग्रजीची सवय असलेले आईबाप चुकतात. आपल्या कानाला ते सोपे जाते. जेथे 'बी' लिहितात तेथे उच्चार आपल्या 'प'जवळचा आणि जेथे 'पी' लिहितात तेथे श्वास सोडून म्हटलेला 'फ'. 'त-थ', 'क-ख' यांचेही तसेच. 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च हे दोन्ही आपल्यापाशी आहेत, आणि दोहोंच्या जवळचे ध्वनी चिनीतही आहेत. तरी बाईंचे उच्चार दुरुस्त करावयास जाऊ नये. नातवाकडून शिकून घ्यावे. शिकविण्याचा मान मिळालेले मूल दुप्पट बोलते. आकड्यांपासून आरंभ करावा. एकवीसला ते 'दोन-दहा-एक' म्हणतात. आपल्याकडे 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आले तेव्हा केवढा गहजब झाला होता! नातवाला दोन्ही पद्धती म्हणून दाखवा, त्याला मजाच वाटेल.

नातीही घ्यावीत. इंग्रजीत सारे अंकल आणि आंटी. मराठीप्रमाणे चिनीतही आत्या वेगळी, मावशी वेगळी, काका वेगळे आणि मामा वेगळे. एवढेच नव्हे, बापाकडची आजी 'नायनाय' आणि आईकडची 'वायफो', असा आपल्यापेक्षाही अधिक बारीक भेद आहे. पत्र लिहिणाऱ्या आजी लेकीकडे राहतात, म्हणजे त्या वायफो. नातवाने त्यांना तशी हाक मारली तरी चालेल. त्यांनी मात्र 'ओ' मराठीतूनच द्यावी, आणि रात्रीची गोष्टही.

वर्षाचे शुल्क एकदम भरू नये. आधी एक महिन्याचे किंवा एका सत्राचे भरावे. तीन महिन्यांनी वर्गाचा अहवाल पाहण्याऐवजी मुलाला पाहावे. वर्गाच्या दिवशी पोट दुखते का, पायांत बूट घालताना टाळाटाळ करतो का, अंघोळीला बसल्यावर आपणहून गाणे म्हणतो का? गाणे येत असेल तर चालू ठेवा. पोटच दुखत असेल तर लेकीला तसे स्पष्ट सांगा; रोज त्याला नेणारे तुम्हीच आहात, तेव्हा ते तुम्हांलाच आधी दिसणार.