कोपी उभी राहण्याआधी घर मोडू नका

"सिस्टिम अपग्रेड चालू आहे सर, सोमवारनंतर या."

हे वाक्य ऐकलं नाही असा पेन्शनर आता शोधून सापडायचा नाही. मी स्वतः गेल्या काही वर्षांत ते इतक्या खिडक्यांवर ऐकलंय की मोजदाद सोडून दिली. कार्यालयांची नावं लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. खिडकीतल्या पोराचा काही दोष नसतो. आपण बाहेर ताटकळतो, तो आत ताटकळतो, एवढाच फरक. मला भांडायचंय ते वेगळ्याच माणसाशी. जुनी यंत्रणा कधी बंद करायची आणि नवी कशी सुरू करायची, हे दूर कुठेतरी बसून जो ठरवतो, त्याच्याशी.

संगणकवाले या प्रकाराला 'मायग्रेशन' म्हणतात. म्हणजे आपलं स्थलांतर. आता मंडळी, स्थलांतराचं नियोजन कसं करावं हे बीड जिल्ह्याला कोणी शिकवू नये! दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार भागातून माणसं ट्रक-ट्रॅक्टरांत बसून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हे पोटासाठीचं जाणं आहे, त्याचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. दिवाळीनंतर वर्ग कसा ओस पडतो ते मी नोकरीभर पाहिलंय. पण त्या कुटुंबाचं नियोजन एकदा बघा. सण झाल्याशिवाय सहसा घर सोडत नाहीत. म्हातारीजवळ किती ज्वारी ठेवायची, पोराला हंगामी वसतिगृहात ठेवायचं की आजीजवळ, शेरडं कोणी सांभाळायची, किल्ली कोणाकडे द्यायची, सगळं आधी ठरतं. फडावर पोचल्यावर पहिलं काम कोपी उभी करायचं. आणि गावाकडचं घर? त्याला कुलूप लागतं. ते मोडून कोणी जात नाही. हंगाम फसला, कोणी आजारी पडलं, तर परत यायला छप्पर लागतं.

चार इयत्ता न शिकलेल्या माणसाला हे कळतं. मोठमोठ्या यंत्रणांचं स्थलांतर आखणाऱ्यांना का कळत नाही, हा माझा प्रश्न आहे.

ताजं उदाहरण घ्या. आपल्या टपाल खात्याने २०२५ साली संगणक यंत्रणा बदलली. आधीची यंत्रणा टीसीएसला २०१३ साली दिलेल्या अकराशे कोटींहून मोठ्या कंत्राटातून उभी राहिली होती. तिच्या जागी 'ॲडव्हान्स्ड पोस्टल टेक्नॉलॉजी', थोडक्यात एपीटी, आली. ही नवी यंत्रणा खात्याच्याच मैसूरच्या तंत्रज्ञान केंद्राने घरच्या घरी तयार केली. याचा मला अभिमान वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. काउंटरवर क्यूआर कोडने पैसे देण्याची सोय झाली, तीही चांगलीच. शिवाय काम अगदी बेशिस्त झालं असंही नाही. मे-जून २०२५ मध्ये कर्नाटकात आधी करून पाहिलं, मग टप्प्याटप्प्याने एकेक विभाग घेतला, साडेचार लाखांवर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, बदलाआधी व्यवहार बंद ठेवायचा दिवसही जाहीर केला. देशातली दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालयं नव्या यंत्रणेवर नेणं म्हणजे खायचं काम नाही.

मग तक्रार काय? तारीख बघा. शेवटचा टप्पा ४ ऑगस्ट २०२५, सोमवार. आणि त्या वर्षी राखीपौर्णिमा होती ९ ऑगस्टला, शनिवारी. म्हणजे वर्षभरात ज्या आठवड्यात बहिणी पाकिटं घेऊन पोस्टाच्या दारात उभ्या असतात, नेमका तोच आठवडा! मग व्हायचं तेच झालं. सर्व्हर मंद चालतोय, रांगा लागल्यात, राखीची पाकिटं घेता येईनात, अशा बातम्या ठिकठिकाणहून आल्या. पुढे गाडी रुळावर आली. एका दिवसात बत्तीस लाखांहून जास्त बुकिंग नव्या यंत्रणेने पेलल्याचं सरकारने जाहीर केलं. ते खरंच आहे. पण ज्या बहिणीची राखी वेळेत गेली नाही, तिला या आकड्याचं काय? राखी दुसऱ्या दिवशी पोचली की ती नुसता दोरा असते.

मुद्दा असा की, योजना होती, आणि ती यंत्राच्या बाजूने चांगलीच होती. पण तिच्यात कॅलेंडर नव्हतं. साधं भिंतीवरचं, तिथी-सण दाखवणारं कॅलेंडर. आमच्या कोयत्यावर जाणाऱ्या बाईने ते आधी पाहिलं असतं.

आता दुसरी गोष्ट, घर न मोडण्याची. माझ्या वयाच्या मराठवाड्यातल्या लोकांना आठवत असेल, आपल्या घरात थोरले 'हाली' आणि 'कलदार' असे दोन रुपये बोलायचे. हाली म्हणजे निजामाचं नाणं, कलदार म्हणजे हिंदुस्थानचं. सात हालीचे सहा कलदार, हा हिशोब अडाणी माणसालाही पाठ होता. निजामी राज्य १९४८ साली गेलं, पण निजामी रुपया काही दुसऱ्या दिवशी सकाळी रद्दी झाला नाही. काही वर्षं दोन्ही नाणी चालली आणि १९५९ साली हाली कायमचा गेला. ज्याच्या मडक्यात हाली पुरलेले होते त्याला ते काढून आणायला अवधी मिळाला.

आणि तेवढ्यात नवे पैसे आले. १ एप्रिल १९५७. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर पैसे झाले. आम्ही पोरं नुकती शाळेत जायला लागलो होतो. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस, चार आणे बरोबर पंचवीस. ही कोष्टकं दुकानात टांगलेली असत आणि मास्तर छडी घेऊन म्हणून घेत. जुनी नाणी आणि नवी नाणी एकाच गल्ल्यात काही वर्षं सुखाने नांदली. त्या पैशाच्या नावातला 'नवा' हा शब्दसुद्धा सरकारने सात वर्षांनी, १९६४ साली काढला. मापंही अशीच बदलली. शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले ते १९५८ ते १९६२ असे टप्प्याटप्प्याने. संगणक नव्हते, फोन नव्हते, निम्म्याहून अधिक देश निरक्षर. तरीही अवघ्या देशाची यंत्रणा बदलली. माणसाला शिकायला वेळ दिला म्हणून बदलली.

कोणी म्हणेल, सर, संगणकात दोन यंत्रणा शेजारी शेजारी चालवणं खर्चाचं असतं. असेल ना. पण जमतं. आपल्या भागात ज्या बँकेला सगळे 'हैदराबाद बँक' म्हणायचे ती १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, स्टेट बँकेने जवळपास तेराशे शाखांची नावं आणि आयएफएससी कोड बदलले. पण जुना कोड टाकून आलेले पैसेही नव्या कोडवर आपोआप वळतील अशी जोडणी आतून करून ठेवली. याला म्हणतात घराला कुलूप लावून जाणं. जुन्या पत्त्यावर आलेलं पत्र नव्या पत्त्यावर पोचवायची सोय केली की निम्मी भांडणं होतच नाहीत.

तिसरी गोष्ट, सामान मोजून घेण्याची. जुन्यातून नव्यात माहिती नेली की ती बरोबर गेली का, हे कोणी तपासायचं? संगणकवाला म्हणतो, एकूण नोंदी इतक्या होत्या, इतक्याच पोचल्या, झालं. नाही हो! संख्या बरोबर आणि प्रत्येक नाव चुकलेलं, असंही असू शकतं. आपल्या महसूल खात्याने हाताने लिहिलेले सातबारे संगणकात नेले तेव्हा नावं, क्षेत्रं, गट यांच्या कितीतरी चुका झाल्या. पण त्यावर काढलेला उपाय मला फार आवडला. २०१७ साली राज्यात चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा गावात मोठ्याने वाचायचा, आणि ज्याची जमीन आहे त्याने म्हणायचं, बरोबर किंवा चूक. चुका सगळ्या निघाल्या असं मी म्हणत नाही. कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी तहसीलला खेटे घालणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण पद्धत शंभर टक्के बरोबर होती. ज्याची माहिती, त्यालाच वाचून दाखवा. पेन्शनरांच्या बाबतीत, निराधार योजनेच्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत हे कोणी का करत नाही? यंत्रणा बदलण्याआधी एक कागद हातात द्या: तुमचं नाव, जन्मतारीख, खाते क्रमांक, रक्कम. चूक असेल तर खूण करा. पैसे थांबल्यावर चूक सापडण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.

चौथी गोष्ट, मुकादम. मुकादमाचे गुण गायला मी वेडा नाही, उचलीच्या हिशोबात काय काय होतं ते जिल्ह्याला ठाऊक आहे. पण एक आहे, काही बिनसलं तर कोणाची गचांडी धरायची ते फडातल्या प्रत्येकाला माहीत असतं. आपल्या यंत्रणांच्या स्थलांतराला मुकादमच नसतो. खिडकीतला म्हणतो वरून आहे, वरचा म्हणतो कंपनीचं आहे, कंपनी म्हणते नेटवर्कचं आहे.

इंग्लंडात टीएसबी नावाची बँक आहे. तिने एप्रिल २०१८ मध्ये शनिवार-रविवार गाठून बावन्न लाख ग्राहकांची खाती एका झटक्यात नव्या यंत्रणेवर नेली. सोमवारी लाखो लोकांना स्वतःचेच पैसे दिसेनात. पुरतं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. बँकेच्या मुख्य अधिकाऱ्याला पद सोडावं लागलं. २०२२ साली बँकेला चार कोटी शहाऐंशी लाख पौंडांवर दंड झाला. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: २०२३ साली त्या वेळच्या संगणक विभागाच्या प्रमुखाला वैयक्तिक ८१,६२० पौंड दंड झाला. त्याच्या नावावर! आपल्याकडे असा एक दंड होऊ द्या, पुढच्या प्रत्येक योजनेत कॅलेंडर आपोआप येईल.

आमचा पुण्याचा भाचा याच क्षेत्रात आहे. तो हे वाचणारच आहे, म्हणून त्याचं म्हणणंही मांडतो. तो म्हणतो, "मामा, आमच्याकडे मायग्रेशनच्या प्लॅनमध्ये रोलबॅक असतो, म्हणजे फसलं तर मागे कसं फिरायचं हे लिहिलेलं असतं. थोडा त्रास मात्र सगळ्यांनाच होतो. तुम्हा जुन्या लोकांना बदलच नको असतो."

बाळा, तू हुशार आहेस, पण दोन्ही मुद्दे चुकले. बदल आम्हाला नको असता तर हाली, आणे, शेर, मैल सगळं सोडून तुझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत बसलो नसतो. जेवढे बदल आमच्या पिढीने पचवले तेवढे तुझ्या पिढीने अजून पाहायचे आहेत. आणि 'थोडा त्रास सगळ्यांनाच' हे तर मुळातच खोटं. तुझी बँक दोन दिवस बंद राहिली तर तू दुसऱ्या ॲपवरून पैसे देतोस. बालाघाटच्या डोंगरातल्या तांड्यावरून दीड हजार रुपयांसाठी एसटीने आलेली म्हातारी परत जाते तेव्हा तिचं जायचं-यायचं भाडं जातं आणि सोबत आलेल्या लेकाची मजुरी बुडते. तिचा रोलबॅक कोणत्या पानावर लिहिलाय? तुमची योजना सर्व्हरपाशी संपते. ती खिडकीच्या बाहेर, रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत यायला हवी.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. यंत्रणा जरूर बदला. पण सण, पगार-पेन्शनचे दिवस, पीकविम्याची आणि हयातीच्या दाखल्याची मुदत बघून तारीख धरा. यंत्रणा जितके दिवस बंद, तितके दिवस मुदत आपोआप वाढली पाहिजे, अर्ज न करता. बंद काळात आलेल्या माणसाला तारीख-वेळ घालून सही-शिक्क्याची कागदी पावती द्या, म्हणजे तो आला होता याला पुरावा राहील. नवी यंत्रणा आधी जिथे रेंज नाही, वीज जाते, तिथे चालवून बघा. तिथे चालली की मुंबईत चालणारच. आणि दारावर एका अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर लिहा.

यातल्या एकाही गोष्टीला शेकडो कोटी लागत नाहीत. मागायला मात्र कोणी तरी लागतं. रांगेत आपण सगळे "चालायचंच" म्हणून घरी परत जातो, म्हणून त्यांचं चालतं. पुढच्या वेळी "सोमवारनंतर या" ऐकलंत की तिथेच थांबा आणि शांतपणे म्हणा: येतो, पण आज आलो होतो असं लिहून द्या.

असो. फार लांबलं. तुमचे अनुभव जरूर कळवा, मात्र खिडकीतल्या पोराला शिव्या देऊ नका. भाच्याने उत्तर दिलं तर तेही इथेच छापीन.