हेराचा पिक्चर आणि नोटा वेचणारे



ह्या मुलखातला सगळ्यात जुना हेर आमच्या वस्तीतला होता. त्याला पिस्तूल नव्हतं. हातात काठी, खांद्यावर घोंगडं, पायात असलंच तर फाटकं खेटर. येसकर म्हणायचे त्याला. रात्रभर वेशीत जागायचं. गावात कोण आलं, कोण गेलं, ध्यानात ठेवायचं. चोराचा माग पायाच्या ठशावरून काढत शिवंपर्यंत न्यायचा. साऱ्याचा पैसा तालुक्याला पोचवायचा. शिवंचा तंटा उभा राहिला की दगड मूळचा कुठं होता ते सांगायचं. गावाची अर्धी गुपितं ह्याच्या डोक्यात, अन् ह्याचा पगार काय, तर दारोदार हाळी देऊन मागून आणलेली शिळी भाकर. तिकडं मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ मध्ये ह्या महार वतनावर कायदेमंडळात बिल आणलं. वतन कायद्यानं खलास व्हायला १९५८ साल उजाडलं. आम्ही तर निजामाच्या मुलखातले. आमच्याकडं वेठ होती. वेठीला ना बिल, ना पावती.

जेम्स बाँडला माणूस मारायचं लायसन. आमच्या येसकराला विहिरीच्या रहाटाला हात लावायचं लायसन नव्हतं.

हे आज कामून काढलं, ते सांगतो.

कनेरगाव नाका म्हणजे हिंगोली–वाशीम रस्त्यावरचं गाव. इथं मराठवाडा संपतो अन् वऱ्हाड लागतं. अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रजाच्या ताब्यातलं वऱ्हाड, अशी जुनी शीव. नाका हे नावच पहाऱ्याचं. आता इथून एसट्या अन् ट्रक जातात, आगगाडी जाते, अन् पोरं पुण्याच्या कंपन्यांत जातात. त्यातलाच एक पोरगा सणाला गावी आला. त्याच्या मोबाईलमध्ये जुन्या इंग्रजी पिक्चरच्या शौकिनांचा एक ग्रुप. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे लोक, दोनचार परदेशात गेलेले. सगळे मराठी. ह्यांची रीत अशी की शनिवारी रात्री नऊला एकानं बटण दाबायचं अन् सगळ्यांनी आपापल्या घरी तोच पिक्चर त्याच मिनिटाला बघायचा, अन् बघताबघता बाजूला लिहीत राहायचं. त्या रात्री पिक्चर होता ‘ऑक्टोपसी’. १९८३ चा. रॉजर मूर बाँड, अन् निम्मा पिक्चर आपल्या उदयपुरात काढलेला.

आम्ही सातजण विहाराच्या ओट्यावर बसलो. एक मोबाईल, एक ब्लूटूथचा डबा. नेट अडखळायचं, त्यामुळं पुण्यातला बाँड उडी मारून खाली पोचायचा तरी आमचा अजून हवेतच.

मजा आली, खोटं कशाला बोलू. ते शौकीन लोक सगळं जाणतात. छोटं विमान, मगरीच्या आकाराची होडी, ॲसिडचं पेन, जॉन बॅरीचं संगीत, सगळं त्यांना तोंडपाठ. कोणता सूट कुठं घातलाय हेसुद्धा. मी मनात म्हटलं, एवढी नजर बारीक असलेले लोक माणसंही बघत असतील.

मग उदयपूरचा बाजार आला. बाँडनं जुगारात खानाकडून रुपये जिंकलेले. खानाची माणसं जीपमधून मागं, हा रिक्षात पुढं. बाजारात एक तलवार गिळतोय, एक खिळ्यांवर झोपलाय, एक निखाऱ्यावर चालतोय. इंग्रजांना आपला देश असाच लागतो, तेही जाऊ द्या. बाँड काय करतो? खिशातल्या नोटांची गड्डी काढतो अन् गर्दीवर उधळतो. गर्दी तुटून पडते. माणसांचा बांध होतो. जीप अडकते अन् बाँड सुटतो. ग्रुपमध्ये धडाधड हसण्याची चित्रं पडायला लागली. एकानं लिहिलं, काय टायमिंग आहे! दुसऱ्यानं लिहिलं, सगळ्या मालिकेतला बेस्ट चेस.

आमच्यातल्या धाकट्यानं मोबाईल घेतला. बारावी झालेला, सोयाबीनच्या काढणीला रोजानं जाणारा. त्यानं लिहिलं : “ह्या नोटा वेचणारे कोण आहेत? ह्यांना रोज किती दिला आसंल?”

एवढंच. शिवी नाही, घोषणा नाही. रोजानं जाणाऱ्या पोराला रोजाचाच प्रश्न पडणार.

दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग एक : “प्लीज, इथे पॉलिटिक्स नको.” दुसरा : “एंजॉय करा ना, सिनेमा आहे.” तिसऱ्यानं मात्र नेमकं विचारलं, “आपलं आडनाव काय?” पोरानं सांगितलं. पाच मिनिटांनी आम्ही ग्रुपच्या बाहेर. रेल्वेतली मारामारी यायची राहिली होती.

आता बघा. रोज किती मिळाला, हा प्रश्न राजकारण. अन् आडनाव विचारणं? ते काय असतं? ती तुमच्याकडं कला असते काय? पिक्चर हेराचा होता, पण त्या रात्री खरी हेरगिरी त्या एका वाक्यानं केली. गाव विचारा, शिक्षण विचारा, आवडता नट विचारा. तुम्ही आडनावच विचारता, कारण माग तिथंच निघतो. माग कसा काढतात ते आम्हांला कोणी शिकवायची गरज नाही. आमच्या पंज्याचा धंदाच तो होता.

“सिनेमा आहे, एंजॉय करा” म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की बाबांनो, तोच सिनेमा नीट बघा. विजय अमृतराज, टेनिसचा मोठा खेळाडू, ह्यात बाँडच्या बाजूचा हिंदुस्थानी हेर झालाय. पहिल्यांदा तो दिसतो कसा? गारुडी बनून, पुंगी अन् नाग घेऊन. जुगार जिंकल्यावर बाँड आपल्याच बाजूच्या ह्या हेरांना नोटा देतो, अन् काही आठवड्यांच्या रश्श्याची सोय झाली अशा अर्थाचा विनोद मारतो. ही त्यांच्या लेखी बरोबरीची माणसं! पुढं विजय मरतो, बाँड राहतो. शत्रूकडचा दांडगा गडी कबीर बेदी, तोही मालकाचा हुकूम पाळून मरतो. दोन्ही बाजूंचे नोकर मेले अन् पिक्चर गोड झाला. पिक्चर कसला, गावगाडा आहे हा. वरून इंग्रजी रंग मारलाय एवढंच.

त्या गारुड्याचं अजून एक. १९७२ मध्ये वन्यजीवांचा कायदा आला, साप बाळगणं गुन्हा झालं. सापाचं बरं झालं, माझं दुमत नाही. पण त्या पेटीवर जगणाऱ्या भटक्यांना बदल्यात काय दिलं? पिक्चरमध्ये पुंगी वाजली की टाळी, अन् गावात पुंगीवाला आला की पोलीस पाटील पालावर हजर.

अन् साल बघा, १९८३. त्याच्या पाच वर्षं आधी, २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला, अन् मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. नांदेडकडं टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. उदयपुरात नोटा उधळायचं शूटिंग चाललं तेव्हा आमची माणसं राखेतून भांडी वेचत होती. ही दोन वेचणी एकाशेजारी एक ठेवून बघायला आम्ही मोकळे आहोत. तेवढ्यासाठी कुणाच्या ग्रुपची परवानगी लागत नाही.

आपल्यातल्या काही भाऊंचं म्हणणं उलटं आहे. म्हणतात, असले साम्राज्यवादी पिक्चर बघूच नका, पोरं बिघडतात. मला हे पटत नाही. आमचे बाप जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत जमिनीवर बसून पिक्चर बघायचे. बाहेर हॉटेलात कपबशी वेगळी, आत अंधारात तिकीट तेच तिकीट. हेराचे पिक्चर त्यांनी मन भरून बघितले. जितेंद्रचा ‘फर्ज’, १९६७ चा, एजंट ११६. धर्मेंद्रचा ‘आँखें’, १९६८ चा. मग १९७९ मध्ये ‘सुरक्षा’त मिथुन गनमास्टर झाला अन् वस्तीतल्या काळ्या पोरांनी केस वाढवले. ‘फर्ज’ अन् ‘सुरक्षा’ एकाच रविकांत नगाइचनं काढलेले, हे त्या शौकिनांनाही बहुतेक ठाऊक नसेल. ते पिक्चर स्वस्तातले, बाँडवरून उचललेले, गोष्टीला बूड नाही. तरी काळ्या पोराला हेर होता येतं एवढं मिथुननं दाखवलं. तो आनंद मी कोणाच्या सांगण्यावरून टाकून देणार नाही.

पण आनंदात असतानाही एक ध्यानात ठेवावं लागतं. पडद्यावरचा हेर तुमच्या बाजूनं असतो, पडद्याबाहेरचा नसतो. ह्या देशात हेरखातं आलं कुठून? इंग्रजानं ठग पकडायला खातं काढलं. १९०४ मध्ये ते मोडून त्याच्या जागी गुन्हे गुप्तवार्तेचं मध्यवर्ती खातं उभं केलं. त्यात आपल्या हिंगोलीचा मोठा मान! मेडोज टेलर नावाच्या साहेबानं १८३९ मध्ये ठगावर कादंबरी लिहिली. तिच्या प्रस्तावनेत तो सांगतो की हिंगोलीच्या ठगांचा म्होरक्या म्हणजे तिथलाच एक प्रतिष्ठित व्यापारी, अन् खुद्द साहेबाचाही त्याच्याशी व्यवहार होता. छावणीच्या नाकाखाली शेटजी ठग! मग १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला तेव्हा शिक्का कोणावर बसला? व्यापाऱ्यांच्या जातीवर? शिक्का बसला पारध्यावर, कैकाड्यावर, पालातल्या जन्मलेल्या लेकरावर. हजेरी त्यांची. १९५२ च्या ३१ ऑगस्टला कायदा गेला. हजेरीची सवय गेली नाही.

अन् आमची हजेरी? महाराष्ट्र सरकारनं १९८२ मध्ये बाबासाहेबांच्या चळवळीच्या साधनांचा पहिला खंड काढला. उघडून बघा. वर्तमानपत्रांच्या कात्रणांबरोबर त्यात पोलिसांचे गुप्त अहवाल आहेत. सभा कुठं झाली, माणसं किती होती, बोललं काय गेलं. मागच्या रांगेत कोणीतरी सरकारी माणूस बसून टिपत होता. त्यानं टिपलं ते आम्हांला दाबायला. आज आम्ही त्याच टिपणांतून आमच्या आज्यापंज्याच्या सभा वाचतो. ह्याला हसावं का रडावं, तुम्ही ठरवा.

हे इंग्रजाचं झालं म्हणून सुटू नका. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला दगडफेक. जून २०१८ मध्ये ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे, वकील सुरेंद्र गडलिंग, रोना विल्सन वगैरे आत गेले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंग कंपनीनं विल्सनच्या लॅपटॉपची नक्कल तपासून अहवाल दिला की बाहेरून घुसून त्यात कागदपत्रं पेरली होती. तपास यंत्रणेनं ते मानलं नाही. खरं काय ते कोर्टानं ठरवावं, पण खटला उभा राहायलाच तयार नाही. ढवळे अन् विल्सन यांना जामीन मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये. साडेसहा वर्षं आत, अन् तोवर आरोपनिश्चितीसुद्धा नाही. आनंद तेलतुंबडे यांना हजर व्हावं लागलं ते २०२० मध्ये, नेमक्या १४ एप्रिलला.

ॲसिडचं पेन बघून टाळ्या देता ना? आमच्याकडं पेन धरणाऱ्याच्या घरात हेर शिरतो. तुमच्यासाठी हेरगिरी म्हणजे शनिवारची करमणूक. तुमच्या घरी तो कधी आलाच नाही, म्हणून तुम्हांला त्याचा सूट दिसतो अन् आम्हांला त्याचे हात दिसतात.

ग्रुपमधून काढलं म्हणून आम्ही रडत बसलो नाही. पोरांनी आपला ग्रुप काढलाय. हिंगोलीची पोरं आहेत, वाशीमची आहेत, पुण्यात कंपनीत राबणारी आहेत, दोन पोरी औंढ्याच्या आहेत अन् त्याच सगळ्यांत जास्त भांडतात. नियम एकच, पिक्चर मधे थांबवायचा हक्क सगळ्यांना. एका पोरीनं परवा ‘ऑक्टोपसी’ त्याच बाजारात थांबवला. चित्र गोठलं. नोटा हवेत, हात वर. ती म्हणाली, “आता एकेक तोंड बघा. बाँडकडं बघू नका.” आम्ही बघितलं. एक म्हातारा होता, डोक्याला फडकं. तो नोटांकडं बघतच नव्हता, कॅमेऱ्याकडं बघत होता. तिनं मोबाईलवरच त्याचा फोटो काढून ठेवला अन् म्हणाली, ह्याचं नाव पाट्यांत नसणार. पाट्या आल्या तेव्हा आम्ही शेवटपर्यंत बसून वाचल्या. नव्हतं.