भैरवगढची शर्यत

उज्जैनच्या भैरवगढ भागातील एका वाचकबंधूंचे पत्र आमच्यासमोर आहे. शिंदेशाहीच्या काळापासून त्यांचे घराणे माळव्यात स्थायिक असून घरात मराठी अद्याप टिकून आहे. मोहल्ल्यातील तरुणांनी १० किलोमीटर धावण्याची शर्यत भरविण्याचे योजिले आहे. तीत बक्षिसे किती व कोणती ठेवावीत, एवढेच त्यांनी विचारले आहे. हा प्रश्न वास्तविक शेवटचा. तो पहिला विचारला गेला, म्हणूनच थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

आम्ही नुकतेच पुरोहित झालो होतो तेव्हाची गोष्ट. एका खेड्यातील धर्मग्रामात अशीच शर्यत आम्ही भरविली. ढाली आणल्या, मंडप घातला, हार आणविले. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि झेंडा त्यांच्याच हस्ते दाखविला जावा या आमच्या हट्टापायी मुले मार्चच्या उन्हात तिष्ठत राहिली. पाणी ठेवले होते ते केवळ शेवटच्या रेषेपाशी. चौदा वर्षांचा एक मुलगा वाटेत भेलकांडू लागला, असंबद्ध बोलू लागला व कोसळला. शेतात काम करणाऱ्या एका बाईने त्याला सावलीत ओढून अंगावर बादल्यांमागून बादल्या पाणी ओतले, म्हणून तो वाचला. आम्ही मात्र गाडी शोधीत धावत होतो. अशा वेळी प्रथम अंग थंड करावयाचे व मग इस्पितळाची वाट धरावयाची, हे आम्हांस पुढे एका डॉक्टरांनी समजावून सांगितले. मुलाच्या आईने आम्हांस दोषाचा एक शब्दही ऐकविला नाही. तेच आजवर सलत राहिले आहे.

तेव्हा बंधूंनो, आरंभ दिवस व वेळ ठरविण्यापासून करावा. डिसेंबर-जानेवारीतील पहाट उत्तम. रविवार आम्ही सुचवीत नाही, आणि त्याचे कारण केवळ मिस्सा नव्हे. सुट्टीच्या दिवशी कालभैरवाच्या दर्शनास बाहेरगावची गर्दी लोटते, गाड्यांच्या रांगा लागतात. धावणाऱ्यांची व भाविकांची, दोघांचीही अडचण होईल. कालभैरव जयंती तर कटाक्षाने टाळावी. येथे एक गंमत आहे: आपल्या मराठी पंचांगात ती कार्तिक वद्य अष्टमीस, आणि उज्जैनच्या पंचांगात मार्गशीर्ष कृष्ण अष्टमीस पडते. दिवस एकच, महिन्याचे नाव निराळे! सभेत तिथीवरून वाद झाल्यास इंग्रजी तारीख पुढे करावी.

मार्ग आखण्यापूर्वी छपाईचे काम करणाऱ्या छीपा कुटुंबांना अवश्य भेटावे. भैरवगढचे नाव दूरवर गेले ते त्यांच्या ठशांच्या व मेणाच्या छपाईमुळे. वाळत घातलेल्या कापडावर कोणाचा पाय पडला, तर शर्यतीचे नाव पुढल्या वर्षी कोणी काढणार नाही. त्यांच्याच मुलामुलींना धावण्यास बोलवावे, म्हणजे वाट आपोआप मोकळी होईल. पोलिसांची लेखी परवानगी मात्र अगोदरच घ्यावी.

अंतर मोजण्यास खिशातल्या फोनवर विसंबू नये. वळणे व उंच भिंती आल्या की त्याची मोजणी चुकते. सायकलच्या चाकावर रंगाची खूण करावी, पोलादी फितीने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर चाकाचे फेरे मोजून एका फेऱ्याचे अंतर काढावे, आणि मग धावणारा वळणावर जेवढा आत शिरू शकेल त्याच रेषेने सायकल न्यावी. दर किलोमीटरमागे एक मीटर अधिक धरावा, असा जाणत्यांचा प्रघात आहे. मार्ग किंचित लांब झाला तरी चालेल, आखूड नको.

धावणाऱ्यांजवळ भारी बूट नाहीत, अशी खंत पत्रात आहे. सर दोराबजी टाटा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना तेथील सामन्यांत शेतात राबणारी मुले धावली. युरोपीय नियम त्यांना ठाऊक नव्हते, शिक्षण म्हणाल तर मुळीच नव्हते. तरी त्यांच्या लांब पल्ल्याच्या वेळा पाहून टाटांना परदेशी धावपटूंची आठवण झाली. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकसाठी भारतातून जो संघ गेला, त्याचे मूळ येथे आहे. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद, आणि तीही आजच्या ४२.१९५ नव्हे, तर ४२.७५ किलोमीटरच्या मार्गावर! अशी मुले शोधावयाची तर प्रवेशशुल्क ठेवू नये, अथवा अगदी नाममात्र ठेवावे.

आता बक्षिसांविषयी. पहिल्या तिघांना व पहिल्या तिघींना सारखेच द्यावे. मुलींना कमी देण्याची चाल अजून काही ठिकाणी दिसते, ती आम्हांस पटत नाही. उरलेला पैसा पाण्यात घालावा, म्हणजे अक्षरशः पाण्यात! दर अडीच किलोमीटरवर पाणी, निम्म्या वाटेवर व अखेरीस मीठ-साखरेचे सरबत, थंड पाण्याच्या भरलेल्या बादल्या, एक डॉक्टर आणि चालू स्थितीतील रुग्णवाहिका. प्रत्येकाच्या छातीवर क्रमांक असावा व निघालेले आणि परतलेले यांची यादी पडताळून पाहावी. सर्वांत मागच्या धावणाऱ्यामागे एका शांत स्वभावाच्या माणसास सायकलवर ठेवावे. तो परतेपर्यंत मंडप उतरवू नये. पाहुण्यांस उशीर झाल्यास मोहल्ल्यातील एखाद्या आजीबाईंच्या हस्ते झेंडा दाखवून मोकळे व्हावे.

तारीख ठरली म्हणजे कळवावी.